बँड जगवा म्हणता, बँडवाल्याचं काय?

(जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव इथं तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर पुण्या-मुंबईची पोरं बसलीत, सोलापूरची बसलीत आणि जळकोटातल्या आपल्या वस्तीतलीही बसलीत. मी आज ब्रास बँडवर बोलणार हे कळल्यावर तुमच्यातल्याच एकानं विचारलं, "गायरानाचे पट्टे मिळत नाहीत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, रोज कुठं ना कुठं अत्याचार होतोय, आणि तुम्ही पिपाणीवर बोलणार?" प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर आधी देतो, मग पुढं जाऊ.

पिपाणी कोण फुंकतो? ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. लग्नसराईत फुंकतो आणि लग्नसराई सरली की ऊस तोडायला जातो, गवंड्याच्या हाताखाली जातो, शहरात हातगाडी ओढतो. म्हणजे हा प्रश्न गायरानाच्याच घरातला आहे. फक्त तो वाजतगाजत येतो म्हणून कुणाला तो प्रश्न वाटत नाही.

दुसरं कारण असं की पुण्यासारख्या शहरात आता बँडचं पुनरुज्जीवन सुरू आहे. डीजेनं कान फुटले, आता पुन्हा बँड आणा, पारंपरिक वाद्यं आणा, अशी हाक पोलीस देतात, मंडळं देतात, वर्तमानपत्रं देतात. जुन्या बँडवर लेख येतात, चकचकीत फोटो येतात. चांगलं आहे. पण हे सगळं वाचताना मला एकच गोष्ट खटकते. वाद्याचं कौतुक आहे, तालाचं आहे, गणवेशाच्या बटणांचंही आहे. तो गणवेश घालून उन्हात आठ-आठ तास चालणारा माणूस कोण, तो कुठल्या वस्तीतून आला, रात्री काय घेऊन घरी गेला, यावर कुणी एक ओळ खर्चत नाही. म्हणून हा इतिहास आपणच सांगितला पाहिजे, वाजवणाराच्या बाजूनं.

तर सुरुवात गावापासून करू. बँड आला शहरात, पण वाजवणारा आला गावातून.

गावगाड्यात वाजवणं हा धंदा नव्हता, ते काम नेमून दिलेलं होतं. मांगानं दोर वळायचा, केरसुणी बांधायची आणि हलगी वाजवायची. सोलापूर, सांगली, साताऱ्याकडं होलारांनी सनई-सूर धरायचा. कोकणात खालू बाजा. पाटलाच्या घरी लग्न निघालं, वाजव. पोळ्याला बैल निघाले, वाजव. देवीचा छबिना निघाला, वाजव. तिरडी निघाली, वाजव. "आज अंगात ताप हाय, जमायचं न्हाई" असं म्हणायची सोय नव्हती. बदल्यात काय? सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि सणाला शिळंपाकं. भाव ठरवायचा अधिकार नाही, नाही म्हणायचा अधिकार नाही. याला कला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आमच्या आज्यानं त्याला वेठ म्हटलं.

आणि गंमत बघा. हलगीला कातडं असतं, म्हणून ती विटाळाची. सनई तोंडात धरतात, म्हणून ती उष्टी. वाद्य विटाळाचं, वाजवणारा विटाळाचा, पण त्यातून निघालेला आवाज मात्र शुभ! तो आवाज नसेल तर देव पालखीत बसत नाही आणि नवरी बोहल्यावर चढत नाही. आवाज देवळात जातो, वाजवणारा पायरीखाली थांबतो. या एका गोष्टीत जातिव्यवस्थेचं सगळं गणित आलं. माणसाचं श्रम घ्यायचे, श्रमाचं फळ घ्यायचं, माणूस तेवढा बाहेर ठेवायचा.

आता बँड कुठून आला ते बघू. तो छावणीतून आला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची फौज हरली, आणि पुढं खडकी-पुण्याला इंग्रजांच्या छावण्या बसल्या. पलटणीबरोबर तिचा बँड आला. त्याच सुमारास युरोपात या पितळी वाद्यांना कळा बसवायची युक्ती निघाली होती. त्याआधीचं बिगूल म्हणजे नुसती वळवलेली नळी, त्यातून मोजकेच सूर निघायचे. तीन कळा बसल्या आणि चित्र पालटलं. पहिली कळ दाबली की सूर दोन घरं उतरतो, दुसरी दाबली की एक घर, तिसरी दाबली की तीन घरं. या तीन कळा, त्यांच्या जोड्या आणि ओठांची पकड, एवढ्यात अख्खं सप्तक आलं. पुढं १८४६ मध्ये ॲडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. हे सगळं फौजेसाठी होतं. उघड्यावर, घोड्यांच्या टापांत, हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज पाहिजे होता. नेमका तसाच आवाज आपल्या वरातींना आणि मिरवणुकांना लागत होता.

छावणीत वाजवायला माणसं लागली. गोव्यात पोर्तुगिजांच्या चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन वाचायला शिकत होती. ती गोवेकर मंडळी पलटणींच्या, पोलिसांच्या, संस्थानिकांच्या बँडात गेली आणि पुढं तीच हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, ही नावं तुम्हाला माहीत नसतील, त्यांचे सूर मात्र तुम्ही लहानपणापासून ऐकलेत. उत्तरेत मेरठ ही तशीच छावणी. तिथं १८८५ मध्ये नादिर अली यांनी धंदा मांडला आणि पुढं मेरठचा जली कोठी भाग देशभर बँडची वाद्यं पुरवायला लागला. आजही खेड्यातल्या बँडवाल्याच्या हातातलं पितळ बहुधा मेरठचंच असतं.

आणि छावणीत आपणही होतो. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते लढले, त्यांची नावं त्या स्तंभावर कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, आणि बाबासाहेबांचा जन्मच मुळी महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. नंतर लगेच, १८९२ च्या सुमारास, सरकारनं महारांची भरती थांबवली. ती महार रेजिमेंट म्हणून कायमची उभी राहायला १९४१ साल उजाडलं. पण छावणी बघितलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. वाजवणाराही गणवेशात असू शकतो. त्याला पगार असतो. तो रांगेत सगळ्यांच्या पुढं चालतो. गावात हेच वाजवणं वेठ होती, छावणीत ती नोकरी होती.

छावणीतून बँड पेठेत उतरला. संस्थानिकांना तो हवा झाला, शेठजींच्या लग्नांना हवा झाला. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मिरवणुका वाढत गेल्या, तसा पुण्यात बँड रुजला. आज पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचं वर्णन वाचा, प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही बँडची नावं त्यात असतातच. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही पथकं आहेत आणि त्यांच्या वाजवण्याला तोड नाही. पण मी बोलतोय ते त्यांच्या मागं पसरलेल्या, ज्यांची नावं छापून येत नाहीत अशा शेकडो पथकांबद्दल. त्यांत आपला मांग, आपला होलार, आपला गरीब मुसलमान एकाच रांगेत उभा असतो. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं भारतभर फिरून बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते २००५ मध्ये आलं. देशात कुठंही जा, या धंद्यात मुख्यतः खालच्या जातींची आणि गरीब मुसलमानांची माणसं दिसतात, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. आपल्याला ते घरात बसून माहीत होतं, पण छापून आलं ते बरं झालं.

आता बँडनं आपल्याला काय दिलं? प्रामाणिकपणे सांगू. पहिली गोष्ट, रोख पैसा. सुपारी घ्यायची, रक्कम ठरवायची, विसार घ्यायचा, उरलेले वाजवून झाल्यावर. बलुत्यात जे नव्हतं ते इथं होतं: भाव. दुसरी गोष्ट, गाव सुटलं. जळकोटचा माणूस सोलापुरात वाजवू लागला, उमरग्यात वाजवू लागला. हा बाहेरचा रस्ता तर दारातूनच जातो, सोलापूर-हैदराबाद. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरकडून याच रस्त्यानं नळदुर्गवरून निजामाच्या राज्यात शिरली. निजामी गेली, वतनदारी एका दिवसात गेली नाही, पण रस्ता मोकळा झाला. परगावात वाजवायला गेल्यावर तुम्ही 'अमक्याचा मांग' नसता. तुम्ही 'बँडवाले' असता. हा फरक लहान नाही. तिसरी गोष्ट, विद्या. माझा बाप चौथी नापास. पण क्लारनेटवर सिनेमाचं गाणं दोनदा ऐकून तिसऱ्यांदा वाजवायचा. वहीत सरगम लिहून ठेवायचा. ती वही आमच्या घरातलं पहिलं पुस्तक.

आणि काय दिलं नाही, तेही सांगतो. बँडचा एक मालक असतो. वाद्यं त्याची, गणवेश त्याचे, गाडा त्याचा. पावसाळ्यात पोटाला नसतं तेव्हा तो उचल देतो. ती उचल फेडायला पुढची लग्नसराई त्याच्याकडंच वाजवायचं, तो देईल त्या मजुरीवर. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आणि ही उचल यांत मला तरी फरक दिसत नाही. मास्तर, म्हणजे पुढं उभा राहून धून काढणारा, त्याला चार पैसे जास्त. मागं खुळखुळा हलवणारं पोरगं, त्याला वडापावावर भागवायचं. आणि दोन्ही बाजूंनी दिवे धरून चालणारी माणसं तर हिशेबातच नसतात. त्यांत बायका असतात. माझ्या आईनं डोक्यावर गॅसबत्ती वाहिलीय. वर आग, खाली खड्डे, मधे चुंबळ. तिच्या उजेडात बाकीचे नाचले, तिच्याकडं बघितलं कुणी नाही.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका गावात वाजवायला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, ते गाव महाराष्ट्रात कुठंही आहे. उन्हाळ्याचे दिवस. परण्या मारुतीला नेला, आणला, लग्न लागलं. पंगती उठल्या. बँडवाल्यांना गोठ्याच्या बाजूला बसवलं आणि पत्रावळीवर वरून वाढलं, हात लागणार नाही असं. त्याच माणसांनी तासाभरापूर्वी नोट दातात धरून मास्तरापुढं नाच केला होता, आणि मास्तरानं वाजवता वाजवता वाकून ती तोंडानं उचलावी म्हणून हट्ट धरला होता. मास्तरानं ती उचलली नाही. क्लारनेट तोंडातून काढलंच नाही, सूर लांबवत राहिला. शेवटी नाचणाराच दमला. हा मास्तर कुठल्या संघटनेत नव्हता, त्यानं कुठलं भाषण ऐकलं नव्हतं. पण विद्रोह म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकलो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्यातही फार जणांना ठाऊक नाही. २ मार्च १९३०. नाशिक. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. सुमारे पंधरा हजार माणूस जमलेलं. चार-चारांच्या रांगा केल्या आणि मैलभर लांब मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढं काय होतं? लष्करी थाटात वाजणारा बँड! त्याच्यामागं बालवीर, मग सत्याग्रही बाया, मग पुरुष. देवळाचे दरवाजे बंद करून घेतले होते. शेकडो वर्षं आपण देवळाबाहेर उभं राहून त्यांच्या देवासाठी वाजवलं. त्या दिवशी वाजवलं ते आपल्या हक्कासाठी, आपल्या पायांना ताल द्यायला. वाद्य तेच, देऊळ तेच, आणि अर्थ पुरा उलटा. पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती साजरी करायला सुरुवात केली. तिथून पुढं जयंतीची मिरवणूक वाढत वाढत आज कुठं पोचली ते तुम्ही बघताच. आपल्या वस्त्यांनी बँड फक्त वाजवला नाही, आपण तो बोलावलाही, त्याच्यापुढं मान वर करून चाललोही.

पण इथंच आपल्या घरातलं एक भांडण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, गावकीची हलकी कामं टाकून द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म घेतला, आणि गावोगाव महारांनी वाजवणंही टाकलं. कित्येकांनी वाद्यं फेकून दिली. बरोबर केलं. ती वाद्यं नव्हती, ते साखळदंड होते. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. मग गावानं काय केलं? मांगवाड्याकडं बोट दाखवलं, "तुम्ही वाजवा." मांगाकडं जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, मुंबईत काका नव्हता. त्यानं वाजवलं. यावरून एका बाजूनं म्हणायचं, "हे लाचार, गावाच्या दाराशी उभे राहतात", आणि दुसऱ्या बाजूनं म्हणायचं, "हे शहाणे झाले, आम्हाला विसरले." गावाला हेच पाहिजे होतं. दोन भाऊ हलगीवरून भांडतायत आणि पाटील ओसरीवर पान चघळतोय.

मी दोघांनाही सांगतो. ज्यानं वाद्य टाकलं त्याचा निर्णय योग्य होता. ज्यानं पोटासाठी धरून ठेवलं तो गुन्हेगार नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावच्या मांगवाड्यातून आले. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्या तमाशाला पांढरपेशांनी नाकं मुरडली, त्याच तमाशाला त्यांनी कामगारांच्या मैदानात नेऊन उभं केलं. वाद्य टाकलं नाही, वाद्याचा मालक बदलला. टाकण्याची गोष्ट हलगी नाही, बलुतं आहे. हे ध्यानात घेतलं की आपल्या घरातलं भांडण मिटतं.

आता मोडतोड कशी झाली ते बघू. आधी बेंजो पार्टी आली, कीबोर्ड आला. एका माणसाच्या पेटीत दहा वाद्यांचा आवाज बसला, नऊ माणसं घरी बसली. मग डीजे-डॉल्बी आली, आणि भिंतीएवढ्या स्पीकरपुढं क्लारनेटचा बिचाऱ्याचा काय पाड? पोरांनाही तेच आवडलं. आपल्या जयंतीतही तेच आवडलं, हे कबूल करा. त्यात आवाजाचे कायदे आले. २००५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद केला. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई हायकोर्टानं डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. तिथून 'पारंपरिक वाद्यं' हा शब्द भाव खाऊ लागला. आणि बँडवाला जरा मान वर काढतोय तोवर २०२० आलं. मार्च ते मे, नेमकी लग्नसराई, टाळेबंदीत गेली. लग्नाला पन्नास माणसांची अट, त्यात बँडवाला कोण मोजणार? २०२१ च्या एप्रिलात तर पंचवीस माणसं आणि दोन तास. दोन उन्हाळे असे गेले. उचल मात्र अंगावर तशीच राहिली. कित्येकांनी वाद्यं विकली. पितळेला भंगारात भाव आहे, वाजवणाराला तोही नाही.

आणि आता म्हणतात पुनरुज्जीवन. पुण्यात त्याचं सगळ्यात मोठं रूप ढोल-ताशा पथकांचं आहे. कॉलेजातली, आयटी कंपन्यांतली पोरंपोरी महिनाभर नदीकाठी सराव करतात, शिस्तीत वाजवतात. पोरी कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या ही मोठीच गोष्ट आहे, मी तिला हसणार नाही. पण मला एक विचारू द्या. पांढरा झब्बा घातलेल्यानं कातड्यावर टिपरू मारलं की ती संस्कृती होते. मग मांगानं चारशे वर्षं मारलं ती काय होती? जोपर्यंत वाजवण्यात विटाळ होता तोपर्यंत ते काम आपलं. वाजवण्यात मान आला, फोटो आला, तसे आपण मागं सरकलो. त्यांच्यासाठी तो छंद आहे, सोमवारी ते कामावर जातात. आपल्यासाठी तेच काम आहे. छंदाच्या स्पर्धेत मजुरी टिकत नाही, हे साधं अर्थशास्त्र आहे.

पुनरुज्जीवन कसं व्हावं याचं एक उदाहरण समुद्रापलीकडचं देतो, कारण तेही आपल्यासारख्याच माणसांचं आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. गुलामी संपल्यावर तिथल्या काळ्या माणसांच्या हातात पितळी वाद्यं आली. त्यांनी आपसांत मंडळं काढली. सभासदानं वर्गणी भरायची, आजारपणात मंडळानं औषधपाणी करायचं, मेला तर बँड लावून सन्मानानं पोचवायचं. गोऱ्यांच्या विमा कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा या मंडळांनी माणसं धरून ठेवली आणि माणसांबरोबर बँडही टिकला. लुई आर्मस्ट्राँग हा त्याच शहरातला. पोरवयात पिस्तूल उडवलं म्हणून १९१३ मध्ये त्याला सुधारगृहात टाकलं, आणि तिथल्या बँडात तो कॉर्नेट शिकला. पुढं जग त्याच्या मागं आलं. मधे त्यांचाही बँड मोडकळीस आला होता. १९७० च्या सुमारास डॅनी बार्कर नावाच्या म्हाताऱ्या वादकानं फेअरव्ह्यू चर्चमध्ये वस्तीतली पोरं गोळा करून त्यांचा बँड उभा केला. त्यातून निघालेल्या पोरांनी पुढं जगभर वाजवलं. १९७७ मध्ये निघालेला डर्टी डझन ब्रास बँड त्याच मुळांतला. तिथं वस्तीतल्या म्हाताऱ्यानं वस्तीतल्या पोराला शिकवलं आणि वस्तीच्या मंडळांनी त्याला वाजवायला लावून पैसे दिले. सरकारी समारंभाची वाट बघितली नाही.

शेवटाकडं येतो. कुणी म्हणेल, वरात-बँड हे सगळं फालतू खर्चाचं खूळ आहे, बंद करा. खर्च कमी करा, माझं काही म्हणणं नाही. पण आपली वरात निघू नये म्हणून या देशात खून पडलेत हे विसरू नका. ९ मे १९८० ला अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावात दलितांची वरात चालली होती. नवरदेवानं सवर्णांच्या वस्तीतून जाताना पालखीतून उतरावं म्हणून भांडण काढलं. चौदा दलित मारले. २०१९ च्या मे महिन्यात गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ल्होर गावात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून सगळ्या दलित वस्तीवर बहिष्कार टाकला. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याला २०१५ मध्ये दुरुस्ती करावी लागली. २६ जानेवारी २०१६ पासून दलितांची वरात अडवणं, नवरदेवाला घोड्यावरून उतरवणं हा नावानिशी गुन्हा आहे. त्याच कायद्यात वेठ करून घेणंही गुन्हा आहे. म्हणजे जबरदस्तीनं वाजवायला लावणं हा गुन्हा, आणि आपण आपल्यासाठी वाजवत निघालो तर अडवणं हाही गुन्हा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा २०१६ चा आहे. जळकोटच्या पोरांनो, हे तिन्ही मुद्दे पाठ करा. उद्या कुणी म्हणालं, "वाजवायला आला नाहीस तर दुकानात सामान मिळणार नाही", तर हात जोडत बसायचं नाही. पोलीस ठाण्यात जायचं, फिर्याद लिहून घ्यायची, आणि नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि शहरातल्या पोरांनो, तुमच्यासाठी चार कामं आहेत. एक, आपल्या जयंतीला बँड लावा आणि ठरलेली मजुरी सगळ्यांसमोर, वाजवणाराच्या हातात द्या. मालकाच्या खिशात घालून मोकळे होऊ नका. दिवे धरणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा मांडा. नोटा ओवाळून अंगावर फेकायची पद्धत निदान आपल्या मिरवणुकीत बंद करा. जेवायला आपल्या पंगतीत बसवा. हे आपल्याकडून होत नसेल तर दुसऱ्यावर बोट दाखवण्याचा अधिकार नाही. दोन, उचलीतून माणूस सोडवा. दहा-बारा वादकांनी मिळून सोसायटी केली, वाद्यं तिच्या नावावर घेतली, तर मालकाची गरज उरत नाही. हिशेबाची वही लिहायला तुमच्यातला एक बी.कॉम. झालेला पोरगा पुरे. तीन, जुन्या मास्तरांच्या वह्या जपा. म्हातारा मास्तर जिवंत आहे तोवर त्याच्याकडं बसून त्याच्या धुना लिहून घ्या, फोनवर भरून घ्या. विद्यापीठ येईल तेव्हा येईल. वृद्ध कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी त्याचा अर्ज भरा, कारण क्लारनेट वाजवणारा कलावंत असतो हे कचेरीत पटवून द्यायला बरोबर कुणीतरी लागतं. चार, वस्तीतल्या पोराला शिकवा आणि पोरीलाही शिकवा. कुणाच्याही पोराला शिकवा, बामणाचं पोरगं शिकायला आलं तरी शिकवा. ही विद्या जातीला बांधलेली राहिली तर तिचं बलुतंच होणार. पण शिकवायची फी घ्या, आणि गुरू म्हणून खुर्चीवर बसा.

आणि ज्याला वाजवायचं नाही, त्याला वाजवायला लावू नका. बापानं वाजवलं म्हणून पोरानं वाजवलंच पाहिजे, हे मनूचं म्हणणं झालं. आपल्या वस्तीतलं पोरगं वकील होऊ दे, कलेक्टर होऊ दे, ट्रॅक्टर चालवू दे. आणि त्यातल्याच एखाद्याला वाटलं, मला कॉर्नेट वाजवायचंय, तर त्यानं मन मारू नये. परंपरेचं ओझं म्हणून नव्हे, स्वतःच्या मर्जीनं वाजवावं. मर्जीनं वाजवणारा आणि दाम मोजून घेणारा वादक जेव्हा या मराठवाड्यातल्या गावागावात उभा राहील, तेव्हा मी म्हणेन बँडचं पुनरुज्जीवन झालं. तोवर शहरातल्या लोकांनी काढलेले फोटो बघायचे आणि विचारायचं, यातल्या माणसाचं नाव काय?

जय भीम!